तेरा मिली

मनगटपट्टीवर जागा अशी ती किती,
म्हणून आईचंच नाव:
बेबी ऑफ सत्यवती वेळीप, गावडोंगरी.
वजन आठशे ऐंशी ग्रॅम.
आमच्या बांबोळीच्या कँटीनला सकाळी येणारी
पावांची पिशवी याहून जड असते.

अंगातलं सगळं रक्त मिळून ऐंशी मिली.
चहाचा कप भरायचा नाही.
त्यातून आम्ही मागतो:
गॅसला अर्धा, बिलिरुबिनला अर्धा, कल्चरला एक.
पूर्वी मोठ्यांच्याच नळ्या पाठवायचो,
दोन-दोन मिली, निर्धास्त,
आणि आठवड्याने म्हणायचो,
बाळ फिकं पडलंय, रक्त चढवा.
आता केसपेपरवर लाल शाईचा एक रकाना आहे,
'काढलेलं रक्त'.
कुंकळ्येकर मॅडमनी भांडून छापून घेतला.

गेल्या मंगळवारी कोणीतरी बाही वर केली.
साडेतीनशे मिली, ओ निगेटिव्ह.
रक्तपेढीत इफिजेनियाने त्या पिशवीला चार पिल्लं जोडली,
नळीला नळी, तापल्या पात्याने, वारा न लागू देता.
चारी याच बाळाची.
चार वेळा चार अनोळखी माणसं
आता त्याच्या अंगात शिरणार नाहीत.
एकच येईल, थोडा थोडा.

परवा रात्री दुसरं पिल्लू चढलं.
तेरा मिली, तीन तासांत, पंपाच्या चिमटीतून.
पहाटे बाळ श्वास घ्यायचं विसरलं.
टाचेवर टिचकी मारली, आठवला.
पण बाटली आली माझ्याकडे,
आणि मागोमाग पिशवीचा तळही, दुसऱ्या बाटलीत.

आज पावणेतीनला यंत्राने दिवा लावला.
बाळाच्या बाटलीचा.
काच, ज्योत, जांभळा रंग, पाणी.
भिंगाखाली घोसच्या घोस.
मी फोन केला. पलीकडे इफिजेनिया
काही न बोलता फ्रिजपाशी गेली असणार,
उरलेल्या दोन पिल्लांवर चिठ्ठी लावायला:
थांबवा.

माझं माहेर आगरवाड्याचं.
आई आगरात मीठ ओढायची,
मी आगरवर जंतू वाढवते.
शब्द एक, माझी गंमत इतकीच.
तिलाही असंच वाकून बघावं लागे,
पाण्यावर पहिला कण धरला का.
पूर्वी या ताटलीवर दोन दिवस वाकायचो.
आता सकाळपर्यंत धुरकट साय आली, पुरे,
टाचणीच्या टोकाएवढी उचलायची,
लेझरखाली ठेवायची,
चार मिनिटांत नाव.

एपिडर्मिडिस.
कातडीवरचा भाडेकरू. तुमच्या, माझ्या.
पिशवीची बाटली गप्प.
म्हणजे बहुधा हात कोणाचा तरी.
रात्रीच्या डॉक्टरचा, सिस्टर फिलुचा,
किंवा झाकण पुसताना मी घाई केली असेल.
बहुधा. पिशवीच्या बाटलीला पाच दिवस द्यायचे असतात.
आणि बाळाचं परत पाठवा म्हणावं लागतं,
आणखी एक मिली.
हे वाक्य फोनवर मी दोनदा गिळलं.

वॉर्डात सत्यवती काचेला कपाळ लावून उभी.
"तें रगत कोणाचें गे?"
मला नंबर ठाऊक. तोही सांगायचा नसतो.
म्हटलं, चांगल्या माणसाचं.
तिने मान डोलावली,
जणू गावडोंगरीत तिला तेवढाच पत्ता पुरला असता.

रायबंदरला फेरी लागलेली.
चोडणला जाणारे सात-आठ जण, एक स्कूटर,
सुंगटांची टोपली, शाळेत निघालेला मास्तर.
साखळी ओढणाऱ्या खलाशाची बाही वर होती.
मी बघत राहिले सगळ्यांच्या
कोपरांच्या खोबणी.
मास्तर थोडा बावरून सरकला.

नदीच्या मध्यावर आठवलं,
रकान्यात आजचा तो एक मिली
भरलाच नाही कोणी.
इफिजेनियाला फोन लावला.
रेंज नव्हती. पुन्हा लावला.